‘पारी पासू’ बोजा : नेमकी कोणाशी आणि कशापुरती बरोबरी?

औंधकर

नमस्कार. सासऱ्यांच्या निवृत्तीच्या रकमेतील काही भाग कर्जरोख्यांत, म्हणजे बाजारात ज्यांना एनसीडी म्हणतात त्यांत गुंतवावा, असा विचार घरात चालू आहे. त्यासाठी एका बिगर-बँक वित्त कंपनीचे माहितीपत्रक वाचायला घेतले. तारणाविषयीच्या मजकुरात असे म्हटले आहे की, हे रोखे कंपनीच्या सध्याच्या आणि भावी येणे रकमांवरील ‘पहिल्या पारी पासू बोज्या’ने सुरक्षित केलेले आहेत आणि तारणाचे मूल्य मुद्दल व व्याज यांच्या किमान १०० टक्के राखले जाईल. रोखे विकणारा प्रतिनिधी याचा अर्थ असा सांगतो की, ‘तुमचा हक्क बँकेच्या बरोबरीचा आहे, म्हणजे तुम्ही बँकेइतकेच सुरक्षित आहात.’

हाच शब्द मला दुसऱ्या एका कंपनीच्या हक्कभाग विक्रीच्या पत्रातही दिसला. तेथे नवे शेअर जुन्या शेअरांशी सर्व बाबतींत पारी पासू असतील असे लिहिले होते. शेअराला कसलेच तारण नसते, तेव्हा तेथे या शब्दाचे काय काम, हे कळले नाही. माझी मुख्य शंका मात्र रोख्यांची आहे. त्या कंपनीला बँकेने हजार कोटी दिले असतील आणि सासऱ्यांनी पाच लाख, तर कंपनी बुडाल्यावर दोघांना ‘सारखे’ मिळणार म्हणजे काय मिळणार? आणि प्रतिनिधीचे ते वाक्य कितपत खरे मानावे? जाणकारांनी कृपया लिहावे.

खतावणी

मी एका बँकेच्या मोठ्या कर्जांच्या विभागात नोकरीचा बराच काळ काढला आहे, त्यामुळे तारणाच्या बाजूने लिहितो. कायद्याची बाजू येथील वकील मंडळी सांगतीलच.

पारी पासू हा लॅटिन शब्दप्रयोग असून त्याचा शब्दशः अर्थ ‘समान पावलाने’ असा होतो. तो समजून घेण्याआधी हे लक्षात घ्यावे लागते की आपल्या कायद्याचा मूळ नियम बरोबरीचा नाही, तो आधी-नंतरचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ४८ प्रमाणे एकाच स्थावर मालमत्तेवर वेगवेगळ्या वेळी हक्क निर्माण केले गेले आणि ते सगळे एकाच वेळी पूर्णपणे बजावता येत नसतील, तर नंतरचा हक्क आधीच्या हक्काच्या अधीन राहतो. म्हणजे ज्या बँकेने आधी गहाण घेतले ती पुढे, नंतर आलेली मागे. दुसऱ्या बँकेला पहिलीच्या शेजारी उभे राहायचे असेल, तर पहिलीने तशी लेखी संमती द्यावी लागते. बँकेत या पत्राला ‘सीडिंग लेटर’ म्हणतात. हे पत्र मिळवणे हा कर्जदार कंपनीच्या वित्त विभागाचा कायमचा डोकेदुखीचा विषय असतो, कारण आपले तारण दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायला कोणतीही बँक आनंदाने तयार होत नाही, आणि इकडे नव्या बँकेच्या मंजुरीपत्रात मात्र ‘ठरलेल्या मुदतीत पारी पासू बोजा निर्माण न झाल्यास जादा व्याज’ ही अट बसलेली असते. संमती मिळाली, दस्त झाला, की कंपनी अधिनियम, २०१३ याच्या कलम ७७ खाली बोज्याची नोंद कंपनी निबंधकांकडे ३० दिवसांत करायची असते. बँकेच्या कर्जासाठी सीएचजी-१ आणि कर्जरोख्यांसाठी सीएचजी-९ हा नमुना वापरतात.

आता ‘सारखे’ म्हणजे काय ते पाहू. एका कारखान्यावर तीन बँकांचा पारी पासू बोजा आहे आणि त्यांचे येणे अनुक्रमे ६० कोटी, ३० कोटी आणि १० कोटी आहे असे समजा. कारखाना विकून ५० कोटी हाती आले. तिघींना ते सारखे वाटले जात नाहीत. ते ३०, १५ आणि ५ कोटी असे जातात. प्रत्येकीला आपल्या येण्यातील रुपयामागे पन्नास पैसे मिळतात. बरोबरी क्रमाची असते आणि वाटणी येण्याच्या प्रमाणात होते, म्हणूनच तुमच्या सासऱ्यांचे पाच लाख आणि बँकेचे हजार कोटी एकाच ओळीत राहू शकतात. अशा प्रसंगी त्यांना अडीच लाख मिळतील.

हे गणित कागदावर सोपे दिसते. प्रत्यक्षात खरा वाद ‘येणे कशाला म्हणायचे’ यावर होतो. पहिल्या बँकेने ६० कोटी मंजूर केले होते, पण खाते बुडाले त्या दिवशी तिची बाकी ४० कोटीच होती, तर हिशेब कशावर करायचा? मंजूर रकमेवर केला तर तिला ३० कोटी मिळतात, बाकीवर केला तर एकूण ८० कोटींपैकी ४० कोटींच्या प्रमाणात २५ कोटी मिळतात. एका आकड्याने पाच कोटींचा फरक पडतो. त्यात पुन्हा बाकी कोणत्या तारखेची धरायची, आणि दिलेली पण अद्याप वटवली न गेलेली बँक हमी येण्यात धरायची की नाही, हे प्रश्न असतातच. याची उत्तरे ‘पारी पासू’ या दोन शब्दांत नसतात, ती बँकांच्या आपसांतील करारात असतात. मी असे आपसांतील करार पाहिले आहेत की ज्यांत बोजा पारी पासू आहे एवढेच लिहून वाटणीची तारीख कोरी सोडली होती, आणि त्या एका कोऱ्या जागेवरून बँकांच्या बैठका वर्षानुवर्षे चालल्या.

मीठभाकर

खतावणी यांचा प्रतिसाद वाचून मला पंगतीची आठवण झाली. पहिला बोजा म्हणजे पहिली पंगत, दुसरा बोजा म्हणजे दुसरी पंगत, आणि पारी पासू म्हणजे एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून बसणे. एवढे लक्षात ठेवले तर पुरे ना?

वकिली चष्मा

पहिल्या-दुसऱ्या पंगतीपर्यंत उपमा चालते. पुढे ती थोडी फसवी आहे. पंगतीत सगळे पोटभर जेवतात. पारी पासूचा प्रश्नच मुळी अन्न कमी पडते तेव्हा उद्भवतो, आणि तेव्हा वाढप भुकेप्रमाणे न होता येण्याच्या आकड्याप्रमाणे होते. सर्वांची देणी पुरी होण्याइतकी रक्कम असेल तर कोण कोणाच्या बरोबरीचा आहे, हे पाहण्याचे कोणाला कारण पडत नाही.

शिवाय एक माणूस एका गोष्टीपुरता कोणाच्या बरोबरीचा आणि दुसऱ्या गोष्टीपुरता त्याच्या मागे असू शकतो. खेळत्या भांडवलासाठी कर्ज देणाऱ्या बँकांचा कच्चा माल, तयार माल आणि येणे रकमा यांवर आपसांत पारी पासू पहिला बोजा असतो आणि जमीन-यंत्रांवर दुसरा. मुदत कर्ज देणाऱ्यांचे नेमके उलटे असते. त्यामुळे ‘अमुक बँक पारी पासू आहे’ हे विधान, कोणाशी आणि कोणत्या मालमत्तेवर हे सांगितल्याखेरीज, अपुरे आहे.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. आयसीआयसीआय बँक विरुद्ध सिडको लेदर्स या २००६ च्या निकालात कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडण्याच्या प्रक्रियेत, गेली होती. आयसीआयसीआय, आयएफसीआय आणि आयडीबीआय यांचा पहिला बोजा होता, तर पंजाब नॅशनल बँकेचा दुसरा. कंपनी अधिनियम, १९५६ याच्या कलम ५२९अ मध्ये कामगारांची देणी आणि तारणधारी धनकोंची (तारण घेऊन कर्ज देणाऱ्यांची) देणी एकमेकांशी पारी पासू असतील असे म्हटले होते. पंजाब नॅशनल बँकेचे म्हणणे असे की, सर्व तारणधारी धनको एकाच वाक्यात आले असल्यामुळे पहिला-दुसरा हा भेद संपला आणि सगळे एका ओळीत आले. उच्च न्यायालयाने ते मान्य केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. कलम ५२९अ मधील बरोबरी ही कामगार एका बाजूला आणि तारणधारी धनको दुसऱ्या बाजूला अशा दोन गटांमधली आहे. धनकोंनी आपसांत करारांनी आणि गहाणांनी जो क्रम लावून घेतला आहे, तो पुसून टाकण्याचा संसदेचा हेतू असता तर तिने तसे स्पष्ट लिहिले असते, असा त्या निकालाचा आशय आहे. कलम ४८ जिवंत राहिले ते असे.

लालबाग

वरचा प्रतिसाद वाचून एक विचारावेसे वाटते. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला, उच्च न्यायालयाने लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी फेडणारा अधिकारी) नेमला आणि कामगारांनी थकीत पगाराचे दावे भरले. त्या वेळी आलेल्या पत्रात कामगारांची देणी आणि बँकांची देणी समान क्रमाने फेडली जातील असे वाक्य होते, आणि युनियनचे लोक ते वाक्य मोठ्या भक्तिभावाने वाचून दाखवत. पैसे आले ते फार उशिरा आणि दाव्याच्या मानाने थोडे. माझा प्रश्न असा की, बँकेकडे गहाणखत होते, कामगारांकडे काहीच नव्हते. मग त्यांना बँकेच्या ओळीत कोणी आणि कसे बसवले? आणि ओळ तीच असताना हाती एवढे कमी का आले?

वकिली चष्मा

लालबाग, तुमच्या वडिलांना त्या ओळीत कोणत्याही कराराने आणलेले नाही, थेट कायद्याने आणले आहे. १९८५ मध्ये कंपनी अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम ५२९अ घातले गेले. त्यापूर्वी तारणधारी बँक अवसायनाच्या बाहेर राहून आपले तारण विकून मोकळी होत असे आणि कामगारांच्या वाट्याला उरलेसुरले येई. दुरुस्तीने असे केले की, प्रत्येक तारणधारी धनकोच्या तारणावर कामगारांच्या हिश्श्यापुरता पारी पासू बोजा आपोआप बसतो. बँकेच्या संमतीचा प्रश्नच राहिला नाही.

हिस्सा कसा काढायचा याचे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे आणि ते समजायला फार सोपे आहे. तारणाचे मूल्य १ लाख रुपये, कामगारांची एकूण देणी १ लाख रुपये, तारणधारी धनकोंची एकूण देणी ३ लाख रुपये. दोन्ही देण्यांची बेरीज ४ लाख होते, त्यात कामगारांचा वाटा एक चतुर्थांश, म्हणून १ लाखाच्या तारणातून कामगारांना २५ हजार आणि बँकांना ७५ हजार. दोघांनाही रुपयामागे चार आणेच मिळाले, हे लक्षात घ्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ज्या कारखान्यावर बँकांचे कर्ज कामगारांच्या देण्यांच्या कितीतरी पट असते, तेथे बरोबरीचा हक्क असूनही एकूण रकमेत कामगारांचा वाटा लहानच निघतो. त्यात विक्रीला होणारा विलंब आणि त्या काळात गंजणारी यंत्रे यांचा फटका तर दोघांनाही बसतो, पण बँक तो सोसू शकते आणि फिटरचे घर तो सोसू शकत नाही.

दिवाळखोरी संहिता, २०१६ आल्यावर चित्र काहीसे बदलले. तिच्या कलम ५३ मध्ये वाटपाची उतरंड दिली आहे. सर्वांत वर प्रक्रियेचा आणि अवसायनाचा खर्च. त्याखाली एकाच पायरीवर कामगारांची अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी आणि ज्यांनी आपले तारण सामाईक मालमत्तेत सोडून दिले आहे अशा तारणधारी धनकोंची देणी. रक्कम अपुरी पडली तर त्याच पायरीवरील सर्वांना समान प्रमाणात द्यावे, असे कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. कामगारांव्यतिरिक्त इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्याच्या खालच्या पायरीवर येतात, विनातारण वित्तीय धनको त्याच्याही खाली, आणि सरकारी कर त्यानंतर. २४ महिन्यांच्या या मर्यादेला आणि एकूण व्यवस्थेला मोझर बेअर कंपनीच्या कामगारांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते फेटाळले. मात्र भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) निधी यांतून कामगारांना मिळायच्या रकमा कलम ३६ प्रमाणे अवसायनाच्या मालमत्तेतच धरल्या जात नाहीत, त्यामुळे त्या या उतरंडीच्या बाहेर सुरक्षित राहतात. आपला दावा भरताना हे दोन भाग वेगळे दाखवणे फार महत्त्वाचे आहे.

बँकेने तारण सोडून न देता स्वतः विकायचे ठरवले तर कामगारांचे काय, असा प्रश्न पुढे येईलच. अवसायन विनियमांतील विनियम २१अ प्रमाणे अशा बँकेला, तिने तारण सोडले असते तर खर्चापोटी आणि कामगारांच्या देण्यांपोटी तिच्या वाट्याला जेवढे आले असते, तेवढे लिक्विडेटरकडे भरावे लागते.

क्वीन्सवासी

मी न्यूयॉर्कमध्ये राहतो आणि रोख्यांच्या हिशेबाच्या कामात आहे. या दोन शब्दांवरून येथील न्यायालयांत जो खटला गाजला तो या धाग्यात यायलाच हवा, कारण त्यात बरोबरीचा अर्थ तुम्ही वर लिहिला आहे त्याहून फार पुढे नेला गेला.

अर्जेंटिनाने २००१ च्या अखेरीस आपल्या परकीय कर्जाची फेड थांबवली. २००५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये त्या देशाने जुन्या रोख्यांच्या बदल्यात बरेच कमी मूल्याचे नवे रोखे देऊ केले आणि दोन्ही फेऱ्या मिळून सुमारे ९३ टक्के रोखे बदलले गेले. ज्यांनी बदलून घेतले नाहीत त्यांत एलियट मॅनेजमेंट या समूहाचा एनएमएल कॅपिटल हा फंड होता. या फंडाने जुने रोखे पडत्या भावात विकत घेतले होते आणि त्याला पूर्ण दर्शनी मूल्य व थकीत व्याज हवे होते. न्यायालयाचे हुकूमनामे मिळाले, पण सार्वभौम देशाकडून वसुली करायची कशी? ऑक्टोबर २०१२ मध्ये तर या फंडाने अर्जेंटिनाच्या नौदलाचे ‘लिबर्ताद’ हे शिडाचे प्रशिक्षण जहाज घानाच्या तेमा बंदरात अडकवून ठेवले होते; डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाच्या आदेशाने ते सुटले.

खरी किल्ली निघाली ती १९९४ च्या करारातील पारी पासू कलमात. त्या कलमात दोन वाक्ये होती. पहिले वाक्य असे की, हे रोखे आपसांत कोणतेही प्राधान्य न ठेवता पारी पासू राहतील. दुसरे असे की, या रोख्यांखालील पैसे देण्याचे दायित्व हे देशाच्या इतर सर्व सध्याच्या व भावी विनातारण परकीय कर्जांच्या किमान बरोबरीचे राहील. न्यायाधीश थॉमस ग्रीसा यांनी डिसेंबर २०११ मध्ये अर्जेंटिनाने या कलमाचा भंग केला आहे असे ठरवले, आणि २०१२ मध्ये असा मनाई हुकूम दिला की, नव्या रोख्यांवर त्या दिवशी देय असलेली रक्कम पूर्ण दिली तर जुन्या रोखेधारकांचीही देय असलेली रक्कम त्याच वेळी पूर्ण द्यावी लागेल. नव्यांचे देय म्हणजे एका सहामाहीचे व्याज; जुन्यांचे देय म्हणजे सगळे मुद्दल आणि इतक्या वर्षांचे व्याज मिळून सुमारे १.३३ अब्ज डॉलर. वरच्या न्यायालयाने हा अर्थ उचलून धरला आणि जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला. अर्जेंटिनाने नव्या रोख्यांच्या व्याजाचे ५३.९ कोटी डॉलर बँक ऑफ न्यूयॉर्क मेलनकडे भरले, परंतु मनाई हुकुमामुळे बँकेला ते वाटता आले नाहीत, आणि ३० जुलै २०१४ रोजी पैसे भरूनही तो देश थकबाकीदार ठरला. २०१६ मध्ये नव्या सरकारने चार प्रमुख फंडांशी सुमारे ४.६५ अब्ज डॉलरची तडजोड केली, तेव्हा प्रकरण मिटले.

खतावणी

या खटल्याविषयी वाचले होते आणि तेव्हाही मला तो अर्थ पटला नव्हता. आमच्या कन्सोर्टियममध्ये, म्हणजे एकाच कंपनीला मिळून कर्ज देणाऱ्या बँकांच्या गटात, एका बँकेचा हप्ता पाच तारखेला आणि दुसरीचा वीस तारखेला असतो. पाच तारखेचा हप्ता आला आणि वीसचा चुकला, म्हणून पहिली बँक दुसरीला निम्मे पैसे द्यायला निघत नाही. खाते सुरळीत असेपर्यंत ज्याने त्याने आपापले वसूल करायचे. तारण विकण्याची वेळ आली किंवा आपसांतील करारात ठरलेली घटना घडली, की मगच वाटणीचे कलम जागे होते. क्रमाची बरोबरी आणि प्रत्येक फेडीची बरोबरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांची सरमिसळ केली असे माझे मत आहे.

क्वीन्सवासी

आपली हरकत येथील अनेक अभ्यासकांचीही होती. न्यायालयाच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतील. एक म्हणजे कलमातील दुसरे वाक्य ‘पैसे देण्याच्या दायित्वा’विषयी आहे, आणि त्याला पहिल्या वाक्याहून वेगळा अर्थ द्यायचा नसेल तर ते लिहिलेच कशाला, असा प्रश्न उरतो. दुसरी म्हणजे अर्जेंटिनाचे वर्तन. २००५ मध्ये तेथील संसदेने खास कायदा करून, न बदललेल्या रोख्यांचे दार पुन्हा उघडण्यास सरकारला मनाई केली होती. वरच्या न्यायालयाने नुसत्या थकबाकीवर बोट ठेवले नाही, या सगळ्या आचरणाचा एकत्रित विचार केला.

असा युक्तिवाद यापूर्वीही चालला होता. २००० मध्ये याच समूहाने पेरू देशाविरुद्ध ब्रसेल्सच्या अपील न्यायालयातून असाच आदेश मिळवला आणि युरोक्लिअर या रोख्यांचे व्यवहार पुरे करणाऱ्या संस्थेमार्फत होणारे पेरूचे व्याजवाटप अडले. पेरूने तडजोड करून पैसे दिले. आता मात्र करारांची भाषाच बदलली आहे. आंतरराष्ट्रीय भांडवल बाजार संघटनेने २०१४ मध्ये जे नमुना कलम प्रसिद्ध केले, त्यात बरोबरी क्रमापुरती आहे आणि सर्व कर्जे एकाच वेळी किंवा एकाच प्रमाणात फेडण्याचे बंधन त्यातून निघत नाही, असे स्वच्छ लिहिलेले असते.

वकिली चष्मा

आपल्याकडे या वादाचे भावंड एस्सार स्टीलच्या दिवाळखोरी प्रकरणात दिसले. कंपनी कायद्याच्या अपील न्यायाधिकरणाने जुलै २०१९ मध्ये सर्व वित्तीय (कर्ज देणाऱ्या) आणि व्यावसायिक (माल-सेवा पुरवणाऱ्या) धनकोंना दाव्याच्या ६०.७ टक्के असे सरसकट प्रमाण लावले. धनकोंच्या समितीने स्टँडर्ड चार्टर्ड बँकेला १.७४ टक्केच देऊ केले होते, कारण तिचे तारण म्हणजे एका परदेशी उपकंपनीचे शेअर होते आणि त्यांना फारशी किंमत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये समितीचे वाटप पुन्हा कायम केले. समान स्थितीतील धनकोंना समान वागणूक द्यावी, पण असमान तारण असलेल्यांना एका पट्टीने मोजणे म्हणजे समानता नव्हे, असा त्या निकालाचा गाभा आहे.

उलट टोकाचा प्रश्न अजून सुटायचा आहे. रुची सोया प्रकरणात डीबीएस बँकेकडे काही मालमत्तांवर एकटीचा बोजा होता, पण वाटपात तिला पारी पासू बोजा असलेल्या इतर बँकांच्या प्रमाणातच मोजले गेले. कंपनी सावरण्याच्या आराखड्याला संमती न देणाऱ्या अशा धनकोला किमान आपल्या तारणाच्या अवसायन मूल्याइतके मिळावे की नाही, यावर आधीच्या एका निकालाशी मतभेद दाखवून सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यांच्या पीठाने जानेवारी २०२४ मध्ये हा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला. एकट्याचा बोजा हा पारी पासूपेक्षा नेहमीच वरचढ, हे गृहीतक त्यामुळे जरा सांभाळून वापरावे.

मुलुंड पूर्व

थोडा वेगळा प्रश्न आहे. आम्ही एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेत आहोत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पावर एक बँक आणि एक डिबेंचर ट्रस्टी (रोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणारी संस्था) यांचा पारी पासू बोजा दाखवला आहे. विकासकाने बँकेचे ना-हरकत पत्र दिले आहे. तेवढे पुरेल का?

वकिली चष्मा

पुरणार नाही. पारी पासू बोज्यात प्रत्येक धनकोचा हक्क संपूर्ण मालमत्तेवर असतो, त्यामुळे एकाने सोडले म्हणून दुसऱ्याचा सुटत नाही. सदनिकेच्या क्रमांकासह ट्रस्टीचेही स्वतंत्र ना-हरकत पत्र मागा. दोघांच्या वतीने एकच सिक्युरिटी ट्रस्टी नेमलेला असेल तर त्याचे चालेल, पण तसा अधिकार देणारा दस्त पाहून घ्या. विक्री करार केल्यानंतर विकासकाने नवा बोजा निर्माण केला तर रेरा कायद्याच्या कलम ११(४)(ह) प्रमाणे तो तुमच्या हक्काला बाधत नाही, परंतु हे संरक्षण करारानंतरच्या बोज्यापुरते आहे; तुम्ही पाहिलेला बोजा आधीचा आहे.

औंधकर

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाकडे वळून विचारतो : प्रतिनिधीच्या वाक्यात ‘बँकेच्या बरोबरीचा हक्क’ हा भाग खरा दिसतो. ‘बँकेइतकेच सुरक्षित’ हा भागही खरा आहे का?

खतावणी

पहिला भाग खरा आहे, तोही त्या सामाईक तारणापुरता. दुसरा त्यातून निघत नाही, आणि का ते माहितीपत्रकातच शोधता येईल.

सामाईक तारणाबाहेर बँकांनी काही चांगली येणी एकट्याच्या बोज्याने स्वतःकडे घेतलेली असू शकतात. ती वगळून उरलेल्या साठ्यावर तुमची बरोबरी असते. ‘सध्याच्या आणि भावी येणे रकमा’ याचा अर्थ साठा रोज बदलतो : जुनी कर्जे फिटतात, नवी येतात, आणि नव्यांची प्रत जुन्यांसारखी असेलच असे नाही. सर्वांत महत्त्वाचे कलम मात्र पुढे कुठेतरी लहान अक्षरांत असते. तारणाचे ठरलेले प्रमाण राखले जात असेल तोवर रोखेधारकांची वेगळी संमती न घेता त्याच मालमत्तेवर आणखी पारी पासू बोजा निर्माण करण्याची मुभा कंपनीने त्यात आधीच घेऊन ठेवलेली असते. वर मी ज्या सीडिंग लेटरचे वर्णन केले, ते देण्या-न देण्याची ताकद बँकेकडे असते. तुमच्या सासऱ्यांनी ती अर्जावर सही करतानाच देऊन टाकलेली असते.

एकट्याने हालचाल करण्याचा मार्गही बंद असतो. सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(९) प्रमाणे संयुक्त कर्जपुरवठ्यात येणे रकमेच्या किमान ६० टक्के धनको सहमत झाल्याखेरीज तारण ताब्यात घेता येत नाही, आणि ते सहमत झाले की निर्णय सर्वांवर बंधनकारक असतो. बँकेचे वकील, वसुली अधिकारी आणि कर्जदाराच्या खात्यावर रोजची नजर हे सगळे त्या साठ टक्क्यांच्या बाजूला असते. रोखेधारकांच्या वतीने ट्रस्टी बोलतो.

शेअरांच्या पत्रातील शब्दाचे उत्तर छोटे आहे. तेथे पारी पासूचा संबंध तारणाशी नसून लाभांश आणि मतदान यांच्याशी आहे : वाटपानंतर नवे शेअर जुन्यांसारखेच वागवले जातील. शेअर अंशतः भरणा केलेले असतील, तर भरलेल्या रकमेच्या प्रमाणातच मताधिकार राहतो आणि पूर्ण बरोबरी शेवटचा हप्ता भरल्यावर येते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. कंपनीचे आधीचे रोखे सूचिबद्ध असतील, तर तिने सेबीच्या नमुन्यात दर तिमाहीला दिलेले तारणाचे प्रमाणपत्र शेअर बाजाराच्या किंवा ट्रस्टीच्या संकेतस्थळावर मिळते. त्या तक्त्यात एकट्याच्या बोज्याखालील मालमत्ता, पारी पासू बोज्याखालील मालमत्ता आणि कोणालाच तारण न दिलेली मालमत्ता यांचे रकाने वेगवेगळे असतात. मागील चार-पाच तिमाह्यांची प्रमाणपत्रे शेजारी ठेवा आणि एकट्याच्या बोज्याचा रकाना वाढतो आहे का, पारी पासू रकान्यातील कर्ज त्यातील मालमत्तेपेक्षा वेगाने वाढते आहे का, एवढे पाहा. आकडे येथे टाकलेत तर आपण सगळे मिळून बघू.